दहाचा पाना

गेवराईहून शेवगावला जाणाऱ्या रस्त्यावर उमापूर लागतं. तालुका गेवराई, जिल्हा बीड. थोडं पुढं गेलं की नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, सुरू होतो. उत्तरेला गोदावरी ओलांडली की पैठण तालुका. त्यामुळं माझ्या गॅरेजपुढं एमएच-२३, एमएच-१६ आणि एमएच-२० अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या उभ्या असतात. पाट्या वेगळ्या, पण गाड्या बघितल्या तर निम्म्याहून जास्त स्प्लेंडर, नाहीतर तिच्याच घरातल्या पॅशन आणि एचएफ डिलक्स. बाजाराच्या दिवशी त्यांची रांग लागते तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या एकाच मालकाच्या आहेत. जवळ आलं की एक दुसरीसारखी नसते. एकीला मागं दुधाच्या कॅनसाठी लोखंडी आकडे मारलेत. एकीला लेकरू बसवायला टाकीवर छोटी गादी आहे. एकीच्या हँडलला पिशवी अडकवायची कडी वेल्डिंग करून घेतलीय, तर एकीच्या सीटवर खताच्या पोत्याचं कव्हर शिवलंय.

या गाड्यांवर माझं घर चाललं. आता पन्नाशी ओलांडली. कालवा, डांबरी रस्ता, मोबाइल यांनी खेडं कसं बदललं यावर भाषणं झाली, पेपरात छापून आलं. ज्या गाडीनं आमच्या माणसाला एसटीच्या वेळापत्रकातून सोडवलं तिच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. चालवणारा तिला वरून ओळखतो. मी आतून ओळखतो, म्हणून मला जे दिसलं ते सांगतो.

दहावीनंतर गेवराईत एका उस्तादांकडं कामाला लागलो तेव्हा जमाना टू-स्ट्रोकचा होता. कायनेटिकची लूना १९७२ पासून रस्त्यावर होती. ती बहुतेक मास्तरांकडं आणि पोस्टमनकडं. राजदूत पुढाऱ्याची. यामाहा आरएक्स १०० हौशी पोरांची, तिचा आवाज गल्लीच्या पलीकडून कळायचा. आणि १९८६ मध्ये आलेली बजाजची एम-८० मात्र कुणाचीही. ७४ सीसीचं इंजिन, गिअर डाव्या मुठीत, सीटच्या पुढं पाय टेकवायला मोकळी जागा. त्या जागेत पेंडीचं पोतं बसायचं, बकरू बसायचं. तिच्यावर बसायला टांग टाकावी लागत नसे, त्यामुळं धोतरातली माणसंही आरामात बसत. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला होता आणि आमच्या भागातली बरीच पोरं तिथं कामाला होती, म्हणून बजाजच्या गाडीबद्दल लोकांना घरचा जिव्हाळा होता.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. हे ऑइल पूर्ण जळत नाही, त्याचा कार्बन सायलेन्सरात साठतो आणि गाडी दमायला लागते. मग सायलेन्सर काढायचा, आतली नळी जाळात लाल होईपर्यंत भाजायची आणि आपटून झाडायची. हे काम नव्या पोराकडं यायचं. हिवाळ्यात बरं वाटायचं, उन्हाळ्यात जीव जायचा. ते सोडून उस्तादांनी पहिल्या वर्षी शिकवलं ते एवढंच, की काढलेला नट कुठं ठेवायचा. तीन थाळ्या असायच्या. ज्या क्रमानं नट निघाले त्या क्रमानं थाळीत मांडायचे. कोण गिऱ्हाईक बोलायला आलं, चहा आला, लाइट गेली, तरी थाळीला धक्का लागू द्यायचा नाही. ते म्हणायचे, “गाडी कुणीबी उघडतं. उघडली तशी बसवतो त्याला मिस्त्री म्हणायचं.”

स्प्लेंडर १९९४ मध्ये आली. त्याआधी १९८५ पासून हिरो होंडाची सीडी १०० होतीच. हिरो सायकलवाले आणि जपानची होंडा यांनी १९८४ मध्ये काढलेली कंपनी, हरियाणातल्या धारूहेड्याचा कारखाना. पण आमच्याकडं फोर-स्ट्रोक गाडी म्हणजे शहरातल्या नोकरदाराची चैन अशी समजूत होती. स्प्लेंडरनं ती मोडली, आणि मोडली ती दिसण्यानं नाही, पेट्रोलच्या हिशेबानं. एम-८० वाल्याला जेवढ्या पेट्रोलात गेवराई गाठता यायचं, तेवढ्यात ही गेवराईला जाऊन परत यायची आणि वर थोडं उरायचं. शिवाय ऑइल मिसळायची कटकट नाही, मागं निळा धूर नाही.

मी पहिल्यांदा तिचं इंजिन उघडलं तेव्हा ते मला फार साधं वाटलं. ९७.२ सीसी, एकच सिलिंडर. त्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५. सिलिंडर उभा नाही, जवळजवळ आडवा झोपलेला, त्यामुळं समोरून वारा थेट हेडवर येतो आणि वेगळ्या थंडाव्याची गरज पडत नाही. बाहेरचे बहुतेक बोल्ट दहाच्या पान्यानं निघतात. दहा, बारा, चौदा, सतरा असे थोडे पाने, एक पेचकस, एक पक्कड आणि मॅग्नेट ओढायचा पुलर एवढ्यात ही गाडी झाडाखाली पूर्ण सुटते. मी तशी सोडलेलीही आहे, ऊसतोडीच्या एका कोप्यावर, मुकादमाच्या टेंपोच्या उजेडात.

ही रचना कुठून आली हे मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. होंडानं १९५८ मध्ये सुपर कब नावाची छोटी गाडी काढली. सोइचिरो होंडा इंजिन बघायचे आणि त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा धंदा. फुजिसावांच्या डोळ्यापुढं शेवयांचं जेवण घरोघर पोचवणारा पोऱ्या होता. त्याच्या एका हातात ताटांची चळत असणार, म्हणून गाडी एका हातानं चालवता आली पाहिजे. म्हणून क्लचची मूठच ठेवली नाही. आडव्या सिलिंडरचं ते घराणं पुढं जगभर पसरलं. २०१७ मध्ये सुपर कबच्या गाड्यांचा आकडा दहा कोटींवर गेला. आमची सीडी १०० आणि स्प्लेंडर त्याच आडव्या सिलिंडरच्या कुळातल्या. टोकियोतल्या जेवण पोचवणाऱ्या पोऱ्यासाठी केलेला विचार उमापुरातल्या दूधवाल्याला बरोबर बसला, याचं मला कौतुक वाटतं. दोघांच्याही गाडीवर माल होता, वेळ पाळायची होती आणि खिसा लहान होता.

आता आतली गोष्ट. पिस्टन हजारो किलोमीटर घासला की सिलिंडरची भिंत झिजते, रिंगा सैल होतात, गाडी ऑइल खायला लागते. गिऱ्हाईक येऊन सांगतं, “मिस्त्री, गाडी धूर मारायली.” मग इंजिन काम निघतं. ब्लॉक लेथवाल्याकडं नेऊन आतून पाव मिलिमीटर मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन टाकायचा. पुढच्या वेळी अर्धा मिलिमीटर, मग पाऊण, मग एक. त्यानंतर आतली स्लीव्हच नवी ठोकायची आणि पुन्हा पहिल्या मापावर यायचं. म्हणजे कारखान्यात ब्लॉक ओतणाऱ्यानं ही गाडी पुन्हा पुन्हा झिजणार हे धरून लोखंड जाड ठेवलंय, आणि पिस्टन बनवणाऱ्यानं प्रत्येक झिजेसाठी माप ठरवून ठेवलंय. गरिबाच्या वस्तूबद्दल याहून मोठा आदर मी पाहिलेला नाही. तू ही वापरून संपवशील, मग दुरुस्त करशील, मग पुन्हा संपवशील, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं.

गॅरेजमध्ये बसून मला पाऊसपाणी गाडीच्या भागांवरून कळतं. जून-जुलैत चिखलानं चेन आणि चाकाच्या बेअरिंगा जातात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची लगबग. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडीदार गाडीची सर्व्हिस करून घेतात, कारण ती ट्रकात टाकून कारखान्यावर न्यायची असते. तिथं फडापासून दवाखाना आणि किराणा लांब असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला टोळ्या परत येतात तेव्हा त्याच गाड्यांचे चेन-सॉकेट दात मोडलेले, शॉकअप बसलेले, मडगार्ड तारेनं बांधलेलं. इंजिन काम मात्र बहुतेक जण कापूस विकेपर्यंत ढकलतात. “कापूस होऊ द्या मिस्त्री, मग खोलू,” हे वाक्य मी दर साल ऐकतो, आणि ज्या साली बोंडअळी येते त्या साली गाडी धूर मारतच राहते.

दुष्काळ मला क्लच प्लेटांवरून कळाला. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, आमच्याकडं मोटारसायकलींच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या घागरी आल्या. सीटवर आडवी फळी, फळीला दोन-दोन घागरी, मागं बायको किंवा पोरगी एक हंडा धरून. ढेकळांच्या रस्त्यानं पहिल्या गिअरात अर्धा क्लच दाबून रोज ओझं वाहिलं की प्लेटा जळतात. एरवी ज्या प्लेटा दोन-अडीच वर्षं चालतात त्या उन्हाळ्यातच संपायला लागल्या. टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब तहसीलला असेल. विहिरीपासून घरापर्यंतच्या पाण्याचा हिशेब माझ्या बादलीतल्या काळ्या पडलेल्या प्लेटांत होता.

थोरल्या भावाचा मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आला की गॅरेजवर बसायचा आणि संध्याकाळी लॅपटॉपवर इंग्रजी सिनेमे लावायचा. एकदा म्हणाला, “काका, हे बघा, तुमच्या गॅरेजमधलं यान.” १९७७ मध्ये निघालेला स्टार वॉर्स होता. मला लढाया आणि तलवारींचे उजेड फार कळले नाहीत, पण मिलेनियम फाल्कन नावाचं ते यान पडद्यावर आलं आणि मी पुढं सरकून बसलो. गोष्टीतल्या जगात ते काही राजाचं किंवा सरकारचं जहाज नाही. कोरेलियन नावाच्या कंपनीनं माल वाहायला काढलेल्या वायटी-१३०० या साध्या मॉडेलपैकी एक. अशी यानं त्या विश्वात खूप, कारण ती परवडतात आणि मालकाला हवी तशी फिरवून घेता येतात. या फाल्कनचे पत्रे वेगवेगळ्या रंगाचे, आतल्या वायरी लोंबणाऱ्या. तिला पहिल्यांदा बघणारा पोरगा तोंडावर भंगार म्हणतो आणि मालकाला राग येतो. अगदी आमच्यासारखं. गिऱ्हाइकानं स्वतःच्या गाडीला भंगार म्हटलेलं चालतं, दुसऱ्यानं म्हटलेलं नाही.

१९८० च्या दुसऱ्या सिनेमात तर फाल्कन सगळा वेळ बिघडलेलीच असते. शत्रू मागं लागलाय आणि मोठ्या वेगात जाणारं यंत्र ऐनवेळी घुरघुरून बंद पडतं. मालक हान सोलो दिवे गेले की भिंतीला बुक्का मारतो आणि दिवे येतात. खाली उतरून ढकलू का, असं राजकन्या त्याला टोमणा मारून विचारते. पुतण्या हसत होता, मी त्याच्याहून जास्त हसत होतो. ढकलून स्टार्ट करणं हे आमचं रोजचं. त्याचा केसाळ जोडीदार च्युबाका धुरात उभा राहून जोडण्या उपसतो, तो मला चांगला माणूस वाटला. सिनेमात सगळे बोलत असतात, हा हत्यार घेऊन खड्ड्यात उतरलेला असतो.

फाल्कन सोलोकडं कशी आली हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा तर मला राहवलं नाही. पत्त्यांच्या डावात तिच्या आधीच्या मालकाकडून जिंकली. म्हटलं, “मग टीटी फॉर्मवर सही कुणाची?” आमच्याकडं जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सही करून देतात आणि घेणारा ते घडी घालून डिक्कीत ठेवतो. नाव लावायला बीडच्या आरटीओला कधी जाईल तो त्याचा प्रश्न. अशा सह्यांवर एक गाडी तीन-चार मालक फिरते. कायद्यानं चूक आहे आणि अपघात झाला की मूळ मालक अडकतो, हे मी सगळ्यांना सांगतो. पण चौथ्या हातात गेलेली गाडी चालू असते ही गोष्ट उरतेच.

नंतर त्यानं फायरफ्लाय नावाची २००२ मधली मालिका दाखवली. त्यातलं सेरेनिटी यानही असंच, जुनं आणि स्वस्त, पडेल तो माल वाहणारं. त्यावरची मेकॅनिक एक तरुण मुलगी आहे, केली. ती कामाला कशी लागली तर आधीच्या मेकॅनिकला न सापडलेला बिघाड तिनं पाहता पाहता दाखवला आणि म्हणाली, हा भाग नसला तरी चालतं. एका भागात इंजिनातला हातात मावेल एवढा तुकडा फुटतो. सगळं यान धडधाकट, पण त्या तुकड्यावाचून हवा देणारं यंत्र बंद, आणि कप्तान एकटा मागं थांबून कुणी येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तो भाग मिळतो का याची वाट बघतो. हे बघताना मला करमणूक वाटली नाही. कार्बोरेटरातल्या सुईएवढ्या भागासाठी रात्री बाळंतिणीची गाडी अडलेली मी पाहिलीय, आणि तेव्हा दुसऱ्या उभ्या गाडीतून तो भाग काढून हिच्यात टाकलाय. दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसतात म्हणून ते जमलं.

त्यानंतर त्यानं आणखी एक सिनेमा लावला, १९६८ मधला २००१ : अ स्पेस ओडिसी. यातलं यान पांढरं स्वच्छ, एकही पत्रा वेगळ्या रंगाचा नाही, सगळा कारभार हॅल नावाच्या कॉम्प्युटरकडं. बाहेर गेलेला अंतराळवीर परत येतो आणि दार उघड म्हणतो, तर हॅल शांतपणे नकार देतो. त्याला कसंबसं आपत्कालीन दारातून आत यावं लागतं, आणि मग तो हातातल्या छोट्या हत्यारानं हॅलचे कप्पे एकेक करून सैल करतो. पुतण्याला तो सिनेमा फार थोर वाटतो. असेल. मला एवढं कळलं की गोष्टी लिहिणाऱ्यांनी जेव्हा सामान्य माणसाच्या हातात यान द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांना त्याच्यासोबत मिस्त्रीही लिहावा लागला, आणि ठेचलेले पत्रेही. अंतराळातसुद्धा खासगी आणि परवडणारं वाहन म्हणजे उघडता येणारं वाहन.

स्वस्त कशाला म्हणायचं याचा हिशेब मी तेव्हापासून वेगळा करायला लागलो. शोरूममधली किंमत एकदाच द्यायची असते, तीही आता बहुतेक जण हप्त्यावर देतात. खरा खर्च पुढं पंधरा वर्षं पसरतो. क्लच वायर तुटली तर ती उमापुरात मिळते का, की गेवराईला जावं लागतं, की संभाजीनगरला? मिळाली तर बसवणारा आहे का? त्याला किती वेळ लागेल, कारण दूधवाल्याची एक सकाळ बुडाली तर दूध नासतं. आणि विकायला काढली तर घेणारा दारात येतो का? या सगळ्या प्रश्नांना हो म्हणता येणारी गाडी दहा हजारांनी महाग असली तरी स्वस्त. आमच्याकडं दिसायला देखण्या, कागदावर जास्त ताकदीच्या गाड्याही येऊन गेल्या. काही जणांनी हौसेनं घेतल्या. भाग येईपर्यंत महिना-महिना गोठ्यात उभ्या राहिल्या, वर कोंबड्या बसायला लागल्या, मग मिळेल त्या भावात गेल्या.

लोकांनी या गाडीचा उपयोग किती वेगवेगळा करून घेतला तेही बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसेल. मागचं चाक उचलून त्याच्या जोरावर कडब्याची कुट्टी करणारे मी पाहिले. जुन्या मोटारसायकलला मागं पास लावून कपाशीत कोळपणी करणारे तर आता गावोगाव आहेत. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेटला शेतीची अवजारं जोडून बुलेट सांती केली, ती देशभर गाजली. आमच्याकडच्यांना कुणी ओळखत नाही, पण खटपट तीच. बैलजोडी सांभाळणं ज्याला परवडत नाही त्याच्या शेतात जुनं इंजिन बैलाच्या जागी उभं राहिलं.

याचा अर्थ जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. टू-स्ट्रोकचा धूर मी ज्या वयात पोटात घेतला त्याचा खोकला अजून आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, स्प्लेंडरसकट बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. हवा किती, पेट्रोल किती हे आता सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतो. थंडीत पहाटे चोक ओढून किका मारत बसणारा माणूस आता बटण दाबून निघतो, हे मला मान्य आहे. पण तेव्हा रस्त्यावरच्या निम्म्या मिस्त्र्यांचं धाबं दणाणलं. मीटरवर पिवळा दिवा लागला की गाडी काय म्हणतेय ते कानाला कळत नाही, त्याला स्कॅनर लावावा लागतो. मी स्कॅनर घेतला, व्हिडिओ बघून आणि एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला धरून शिकलो. ज्यांना जमलं नाही ते पंक्चरवर आले, काहींनी पाना ठेवून चाकणचा रस्ता धरला.

स्कॅनर शिकण्यात मला कमीपणा वाटला नाही. हत्यार नवं असलं तरी ते बाजारात मिळत होतं आणि शिकता येत होतं. अडचण तिथं येते जिथं बनवणाराच दार लावून घेतो. भाग विकायचा नाही, नकाशा द्यायचा नाही, बाहेर उघडली तर वॉरंटी गेली. ही तक्रार एकट्या उमापूरची नाही. अमेरिकेत शेतकरी ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरून भांडले. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनंही धरली आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथं द्यावी हा हेतू. चांगलं पाऊल आहे. पण ती माहिती रस्त्याकडेच्या टपरीपर्यंत मराठीत पोचायला अजून बरीच मजल आहे.

आता बॅटरीच्या गाड्या यायला लागल्यात. शाळेतल्या बाई, आशाताई, कॉलेजच्या मुली यांना त्या सोप्या जातात, आणि पेट्रोलच्या भावात त्या परवडतातही. माझ्याकडं त्यांची चाकं, ब्रेक, लाइट एवढीच कामं येतात. बॅटरीला मी हात लावत नाही. खोका सीलबंद आहे आणि उघडायचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही. ती बंद पडली की टेंपोत घालून शहरात न्यायची. टेंपोचं भाडं आणि बुडालेले दिवस धरले तर स्वस्ताईचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. जुन्या बॅटरीच्या गाडीला दुसऱ्या हातात किती भाव येईल हे तर आमच्याकडं अजून कुणालाच सांगता येत नाही, आणि ज्या वस्तूला दुसरा मालक नाही ती गरिबाच्या दारात कधी पोचतच नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी पहिल्या हाताची गाडी घेणारे थोडे. बाकीच्यांपर्यंत गाडी शहरातून, मग तालुक्यातून, मग मेहुण्याकडून अशी झिरपत येते.

पुतण्या आता पुण्याकडं अशाच गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे. दिवाळीला आला तेव्हा गॅरेजवर बसून मला समजावत होता की बॅटरीचा खोका चिकटवून का बंद करतात. पाणी जाऊ नये, धक्क्यानं आतले सेल हलू नयेत, आणि अडाण्यानं उघडलं तर आग लागायची भीती. त्याचं म्हणणं खोटं नाही. मी त्याला म्हटलं, “अरे, पेट्रोलची टाकी तरी काय कमी पेटती? पण ती खोलायला शिकवलं ना आम्हाला.”

“मग काय करावं म्हणता?”

“पाणी जाऊ नये म्हणून रबर टाका. वरती लाल अक्षरात धोका लिहा. तालुक्याला मिस्त्र्यांचे वर्ग घ्या, मी पहिला येऊन बसतो. आतले सेल सुटे मिळू द्या. पण झाकण चिकटवू नका. त्याला बोल्ट ठेवा.”

“किती नंबरचा?” त्यानं वही काढली. चेष्टा करतोय वाटलं, पण तो खरंच लिहून घेत होता.

“दहाचा,” मी म्हटलं. “तो सगळ्यांकडं असतो.”